लिफ्टच्या मेकॅनिकचं अस्तित्व

तत्त्वज्ञान विभागाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत विभागप्रमुखांच्या पत्नी होत्या. साहेब चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला त्या आल्या होत्या.

"अहो, मेकॅनिकला बोलवा! नातीची शाळा सुटेल, पोर दारात एकटीच उभी राहील!" आतून आवाज आला.

बोलावणं अवघड नव्हतं. पण विभागाची शिस्तच अशी, की चर्चा होऊन एकमताने ठराव झाल्याशिवाय साधा खडूही आणायचा नाही. त्या दिवशी चर्चेला विषय होता गुंतागुंत आणि ईश्वर. लिफ्टचा प्रश्न त्यातच सामावून घेण्यात आला.

"जग इतकं गुंतागुंतीचं," जिन्यात खुर्ची टाकून विभागप्रमुख म्हणाले, "तर ते घडवणारा त्याहून गुंतागुंतीचा हवा. आणि गुंतागुंत जितकी जास्त, तितकी असण्याची शक्यता कमी. म्हणून देव नाही. त्याच न्यायाने ही लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसही नाही."

"साफ चूक!" ज्येष्ठ प्राध्यापिका कडाडल्या. "देव साधा असतो. त्याला सुटे भाग नसतात. मेकॅनिकलाही नसणार."

"मग तो पाना कशाने धरतो?"

यावर चहा मागवण्यात आला.

"अहो, देव असो नसो, मी आहे ना आत!"

"तो तुझा अनुभव झाला गं," साहेब प्रेमाने म्हणाले. "पुरावा नव्हे."

इतक्यात मेकॅनिकच जिना चढून आला. शिपायाने परस्पर फोन केला होता. त्याला बसवून दोन्ही बाजू समजावून सांगण्यात आल्या. बिचारा डोकं खाजवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "एवढी शिकलेली माणसं म्हणतात म्हणजे मी नसेनच." आणि पिशवी उचलून जेवायला गेला. विभागप्रमुखांचं एक मत वाढलं.

लिफ्टमधून आधी हाका आल्या, मग दारावर थापा, मग काहीच नाही.

"बघा," विभागप्रमुख समाधानाने म्हणाले, "प्रश्न सोपा होत चाललाय."

हा प्रसंग मी आजवर बऱ्याच जणांना सांगितला. सगळे पोट धरून हसतात आणि एकच विचारतात, "मग जिंकलं कोण?" त्या पोरीला शाळेतून कुणी आणलं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा.