पक्की यादी, कच्ची यादी

चार वर्षं पुढे ढकललेली समुद्राची सहल यंदा नक्की, असं पंडितने बायकोला कबूल केलं होतं. ऑफिसात त्याला पंडित म्हणत, कारण कुणी न विचारताही तो सगळं समजावून सांगत असे. रजांच्या यादीचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला, त्यामुळे आपल्या आठ दिवसांच्या रजेबद्दल तो अगदी निर्धास्त होता.

"साहेब, पक्की यादी मी कॉन्स्टंट केलीय. ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही," त्याने सांगितलं. "तुम्हाला काय फेरफार करून बघायचेत, ते या कच्च्या यादीत करा."

साहेबांनी दिवसभर मनसोक्त फेरफार केले. संध्याकाळी पंडितच्या टेबलाशी रांग लागली.

"पक्की यादी बदलत नाही ना?" टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंनी गोड आवाजात विचारलं. "मग मी उद्यापासून बाळंतपणाच्या रजेवर कशी?"

"अरे वा, म्हणजे तुम्ही..."

"माझा मुलगा कॉलेजात आहे, पंडित."

पंडितने प्रोग्रॅम उघडला आणि कपाळाला हात लावला. आठ हा आकडा दुसरीकडे उतरवला की दोन स्वतंत्र आकडे होतात, एक खोडला तरी दुसरा तसाच राहतो. यादीचं तसं नसतं. 'कच्ची म्हणजे पक्की' असं त्याने एका ओळीत लिहिलं होतं, आणि संगणकाने नवी यादी न करता जुन्याच यादीला दुसरं नाव चिकटवलं होतं. साहेबांचे सगळे फेरफार थेट पक्कीतच झाले होते. कॉन्स्टंटमुळे पक्की हे नाव त्या यादीला जखडलेलं राहिलं, पण आतला मजकूर सताड उघडा. नव्या लोकांना हा धडा तो दरवर्षी स्वतः शिकवायचा.

मग मात्र पंडित इरेला पेटला. ज्यांनी तक्रार केली त्यांच्या रजा त्याने एकेक करून दुरुस्त केल्या, कच्चीसाठी खरीखुरी नक्कल काढली आणि पक्कीला आतून असं कुलूप घातलं, की वर्षभर ती त्यालाही बदलता येऊ नये. तसं सहीनिशी लिहूनही दिलं. यादी सगळ्या शाखांना गेली.

त्यानंतर त्याने सहज आपलं नाव पाहिलं. समोरचा रकाना कोरा होता.

"ते होय?" साहेब म्हणाले. "तुझी रजा काढली तर काम किती पुढे सरकतं, ते बघत होतो. कच्चीतच केलं, तूच म्हणालास ना?"

"मग आता परत घाला की, साहेब."

"कशी घालू? खाली तुझी सही आहे."

घरी बायको बॅग भरत होती. तिच्याकडे पाहून त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याने सगळं सांगितलं, कच्ची-पक्कीच्या खुलाशासकट. "बुकिंग रद्द करावं लागेल," तो शेवटी पुटपुटला.

"कशाला? बुकिंगला मी हातही लावणार नाही," असं म्हणत तिने फोन उचलला. "आई, समुद्रावर येतेस? हो, खोली तीच, तारखा त्याच. माणूस तेवढा बदललाय."