बोलका थर्मोस्टॅट आणि लीलाआत्याचा घट

घर तापवणारा जुना बॉयलर बदलायचाच आहे, तर नव्याबरोबर एक बोलका थर्मोस्टॅट घेऊ, एवढंच मी म्हणालो होतो.

आई-बाबा दोघंही डॉक्टर. तरुणपणी त्यांची बदली सारखी एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात व्हायची, म्हणून माझी सगळी शाळा नागपूरला लीलाआत्याकडे झाली. पुढे स्वीडनला जाऊन मी ऊर्जा-बचतीची डिग्री घेतली आणि यंदा इंग्लंडमध्ये लेस्टरला आई-बाबांकडे परतलो तो हे शहर, हा देश आणि जमल्यास ही पृथ्वी वाचवायच्या इराद्याने. (सुरुवात घरापासून केली. पृथ्वी नशीबवान, तिच्यापर्यंत मी अजून पोचलेलो नाही.)

खरं तर मला गॅस नकोच होता. मी विजेवर चालणाऱ्या हीट पंपाच्या बाजूने दोन रविवार भाषण केलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रणव, ताई येतेय. हिवाळाभर राहणार का ते तिचं ती दसऱ्याला ठरवणार आहे. तुझे प्रयोग पुढच्या वर्षी कर. यंदा घर गरम पाहिजे."

ताई म्हणजे आमची लीलाआत्या. काका गेल्यापासून नागपूरला एकटीच होती. बाबांनी वर्षभर फोनवर विनवण्या केल्या तेव्हा ती यायला तयार झाली, तीही एका अटीवर. "माझ्यापायी घरात काही म्हणजे काही हलवायचं नाही. तुम्हाला अडचण होऊन राहिली असं दिसलं ना, की दुसऱ्या दिवशी विमानात बसते मी." आणि ही नुसती धमकी नव्हती. आत्या बोलली की करते. माझे दहावीतले केस साक्षीदार आहेत.

तेव्हा तडजोड झाली. गॅसचाच बॉयलर, पण त्याच्याशी सतत संवाद साधणारा थर्मोस्टॅट. साधा थर्मोस्टॅट बॉयलरला फक्त 'पेट' आणि 'विझ' सांगतो. हा मात्र खोली किती गार आहे ते मोजून 'थोडा पेट', 'जरा जास्त पेट', 'आता बस' असं समजुतीने सांगतो. बसवायला ब्रायन नावाचा गॅस इंजिनिअर आला. मी त्याला या संवादाचं सौंदर्य समजावून सांगितलं. त्याने चहाचा दुसरा कप मागितला.

थर्मोस्टॅट कुठे लावायचा यावर मी तीन दिवस घरभर हिंडलो होतो. ऊन नको, खिडकीचा वारा नको, खोली तापवणारा रेडिएटर जवळ नको, बाहेरची भिंत नको. अशी भिंत एकच निघाली, जेवणाच्या खोलीतली आतली. तिथे तो वायरीसकट पक्का बसला. मी फोनवर ॲप उघडलं, घराचा आलेख पाहिला आणि गहिवरलो.

आत्या आली आणि पाठोपाठ नवरात्र आलं. घट कुठे बसवायचा म्हणून आत्या घरभर हिंडली. तिलाही वारा नको होता, कारण नऊ दिवसांचा अखंड दिवा विझला तर कसं? खिडकी नको, रेडिएटर नको, येण्याजाण्याची वाट नको. शेवटी ती जेवणाच्या खोलीत थांबली.

"ही भिंत मस्त आहे," ती म्हणाली.

"अगदी शास्त्रशुद्ध!" मी म्हणालो. (हे वाक्य माझी धाकटी बहीण तनिषा आजही मला ऐकवते.) चौरंग मीच मांडला. घटाभोवतीच्या मातीत गहू मीच पेरले. थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली अखंड दिवा ठेवला, तोही मीच. तो दिवा सरळ, शांत जळत होता, वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. माझ्या भिंतीचा मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी घर गार पडलं.

"दादा, हा घर खूप थंडी आहे," तनिषा ब्लँकेट गुंडाळून खाली आली. तिची शाळा सगळी इथलीच, आणि तिच्या मराठीत लिंगभेदाला थारा नाही.

मी ॲप बघितलं. "चोवीस डिग्री आहे."

"माझा नाक चोवीस नाही!"

"तनिषा, थंडी ही भावना आहे. तापमान हे मोजमाप आहे. भावनेवर गॅस जाळायचा नसतो."

"मग या भावनेसाठी माझा मफलर आण," आई म्हणाली.

बॉयलर गप्प होता. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी तपासून सांगितलं की बॉयलर आणि थर्मोस्टॅट यांचं बोलणं उत्तम चाललंय, कुठेही बिघाड नाही.

"वा!" आई म्हणाली. "त्यांचं छान जमलंय आणि आम्ही कुडकुडतोय."

 आत्याने मात्र स्वेटरवर स्वेटर चढवला, त्यावर शाल, वर काकांची माकडटोपी, आणि ती जाऊन दिव्याजवळ बसली. गारठा वाढला तशी तिने वात मोठी केली. मग बाजूला दोन समया लावल्या. ॲपमध्ये घर सत्तावीस डिग्रीवर गेलं. मी मनोमन म्हटलं, बघा, सुधारतंय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसून राहिले. बाबा कधी असे बसत नाहीत.

"ताईने तिकिटाची तारीख विचारली," ते म्हणाले. "म्हणाली, इथली हवा मला झेपत नाही रे संजू, दसरा झाला की निघते. आणि वर काय म्हणाली माहितीये? 'पोराला काही बोलू नको, त्याने हौसेने बसवलंय यंत्र.'"

मी ॲप बंद केलं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ही बाई वेणी न घालता, चहा न पिता माझ्याशेजारी बसून राहायची. आणि तिच्यादेखत मी चोवीस डिग्रीचं भाषण दिलं होतं.

"दादा," दारातून तनिषा म्हणाली. ती माझा फोन घेऊन आलेख बघत होती. "रोज सकाळी आणि संध्याकाळी हा रेषा वर का जातो?"

"वापर वाढत असेल."

"नाही. तेव्हा आपण आरती करतो. आरतीचा ताट आत्या वर फिरवते ना, तेव्हा."

मी तिच्याकडे बघितलं. मग धावत खाली गेलो. दिव्याच्या ज्योतीवर हात धरला आणि हळूहळू वर नेला. ऊब सरळ वर जात होती, वाऱ्याचा अडथळा नाही, थेट थर्मोस्टॅटच्या पोटात. तो बिचारा बॉयलरला खरंच सांगत होता की इथे फार गरम आहे. घर जितकं गार, तितकी आत्याची वात मोठी. वात जितकी मोठी, तितकं घर गार.

आता काय करायचं? दिवा हलवणं अशक्य, घट तर मुळीच नाही. थर्मोस्टॅट काढून पाहिला तर बॉयलर लाल दिवा दाखवून संपावर गेला. मी घाईघाईने परत बसवला. ब्रायन दसऱ्याआधी येऊ शकत नव्हता. आणि आत्याला खरं सांगावं, तर तिला वाटणार की आपल्या दिव्यापायी सगळं घर गारठलं. मग ती दसऱ्यापर्यंतही थांबली नसती.

"सेन्सरला उलट फसवायचं," मी तनिषाला म्हणालो. "दिवा त्याला गरम करतो, तर आपण त्याला गार करू."

तिने फ्रीजर उघडला आणि मटारची पिशवी माझ्या हातात दिली.

घटावर रोज एक माळ बांधतात. त्या दिवसापासून माळ मी बांधू लागलो. झेंडूची भरगच्च माळ पुढे, तिच्याआड मटारची पिशवी, थर्मोस्टॅटला टेकवून. बाजूला हात जोडून तनिषा पहारा द्यायची. थर्मोस्टॅटला वाटलं, हिमयुग आलं. त्याने बॉयलरला जे काही सांगितलं असेल ते असो, पण बॉयलर असा धडधडून पेटला की रेडिएटर टकटक करायला लागले.

तासाभराने आई मफलर काढून फिरत होती. बाबांनी बाह्या वर केल्या. आत्याने आधी माकडटोपी काढली, मग शाल, मग एकेक स्वेटर, आणि पदराने वारा घेत म्हणाली, "बाप्पा! हे तर अगदी आपल्या नागपूरवाणी होऊन राहिलं!"

मी भिंतीला टेकून डोळे मिटले. इतका गॅस माझ्या हयातीत मी कधी जाळला नव्हता, आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. (स्वीडनमधल्या माझ्या प्राध्यापकांनी हे वाचू नये.)

दिवसातून अनेकदा पिशवी बदलावी लागे. एक गोठत असे, एक लटकत असे. मी सारखा माळ नीट करायला धावतो हे पाहून आत्याचे डोळे भरून येत. "शाळेत असताना देवाला हात जोड म्हटलं तरी पळायचा," ती आईला सांगे. "आता बघ!" मी नम्रपणे मान खाली घाली. हाताची बोटं बधिर झालेली असत.

पिशवीवर पाणी जमे आणि थेंब थेंब घटाभोवतीच्या मातीत पडे. वरून पाणी, बाजूने दिव्याची ऊब. गहू असे वाढले की घटच दिसेना. इथल्या मराठी मंडळातल्या बायका फोटो काढून नेऊ लागल्या.

दसऱ्याला सगळे नवे कपडे घालून जमलो. आत्याने घटाभोवती उगवलेल्या धानाचे, म्हणजे त्या गव्हाचे, तुरे खुडले, बाबांच्या टोपीत खोवले, तनिषाच्या केसांत खोवले. बाबांनी न राहवून विचारलं, "ताई, मग तिकीट?"

"कशाचं तिकीट? इतकं धान मला नागपूरलाही कधी आलं नाही. देवी म्हणून राहिली, थांब. हिवाळाभर थांबते." बाबांनी वळून चष्मा पुसला. आईने मला चिमटा काढला, कौतुकाचा होता.

मग आत्या माझ्याजवळ आली. माझ्या कानामागे तुरा खोचला आणि कानाशीच हळू आवाजात म्हणाली, "आता ते मटार काढ रे. आईला उसळीला पाहिजेत."

मी गारच पडलो. "तुला... केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. माळेतून पाणी गळते का कुठे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सकाळी उठून, आंघोळ करून, देवापुढे उभा राहायला लागला होतास. शाळेच्या दहा वर्षांत मला जे जमलं नाही ते मटारांनी केलं. मी कशाला मध्ये बोलू?" तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "आणि तो ब्रायन आला तर सांग, यंत्र आहे तिथेच राहू दे. फक्त थंडी वाढून राहिली, तेव्हा दिवाळीला जरा मोठी पिशवी आण. आणि उद्यापासून तुळशीला पाणीही तूच घालशील. तुझी भक्ती आता मंडळात सगळ्यांना सांगून बसले मी."