त्यांच्यात असंच असतं

"प्यायला पाणी न्हाई, अन् दुधात घालाया हाय व्हय बे?"

आमच्या गावच्या दूध सोसायटीची सकाळ या वाक्याने उजाडायची. बोलणारी बाई सहा फूट उंच. केस मक्याच्या कणसाच्या झिपऱ्यांसारखे पिवळट पांढरे, सुती लुगडं घोट्याच्या बरंच वर खोचलेलं आणि हातात दुधाची डिग्री बघायची काचेची नळी. ही नळी दुधात सोडून त्या ज्याच्या तोंडाकडे बघायच्या, तो माणूस नळीचा आकडा यायच्या आधीच कबूल व्हायचा.

बाईंचं नाव इंगा. गावाने इंगाबाई केलं. गाव मूळचं डेन्मार्क, आता तलवाड्याच्या अलीकडे सात किलोमीटर. मोठ्या दुष्काळात बोअर पाडायला परदेशातून एक तुकडी आली होती, तिच्यासोबत नर्स म्हणून त्या आल्या. तुकडी दोन वर्षांनी परत गेली. या राहिल्या. का राहिल्या, हे विचारलं तर म्हणायच्या, "बोअरला पाणी लागलं न्हाई. तुमाला तहानलेलं सोडून जायचं कसं?" पुढे खालच्या आळीच्या बोअरला पाणी लागलं. तेव्हा विचारलं तर म्हणाल्या, "आता कुठं पाणी लागलंय. सोडून जायचं कसं?"

मराठी त्या बोअरच्या गाडीवरच्या ड्रायव्हर आणि मजुरांकडून शिकल्या. त्यामुळे 'बे' शिवाय त्यांचं वाक्य संपत नसे आणि स्वतःबद्दल त्या पुरुषासारखं बोलत. "काल मी बीडला गेलतो," असं त्या लुगड्याचा पदर सावरत म्हणत. सुरुवातीला बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, मग कानांना सवय झाली. पाहुण्यारावळ्याने विचारलंच तर उत्तर तयार असे, "त्यांच्यात असंच असतं."

हे वाक्य आम्ही फार वापरलं. इंगाबाई बिनसाखरेचा चहा पितात? त्यांच्यात असंच असतं. भर उन्हात तलवाड्याला चालत जातात? त्यांच्यात असंच असतं. ठेचा चमच्याने, नुसता, आमटीसारखा खातात? त्यांच्यात असंच असतं. म्हशीला आजारपणात गाणं म्हणून दाखवतात? तेही असंच असतं. डेन्मार्कातल्या एकाही माणसाला आम्ही पाहिलं नव्हतं, पण तो ठेचा कसा खातो ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

गोऱ्या म्हणजे इंग्रजी येणारच, हाही गावाचा सिद्धांत. दहावीची पोरं त्यांच्या ओसरीवर इंग्रजी शिकायला बसवली जायची. बाई ओरडून सांगत, "माझी भाषा येगळी हाय बे! इंग्रजी मला तुमच्या मास्तरपेक्षा कमी येतं." लोकांना वाटे, विनय आहे. मी त्यांच्याकडे अख्खा उन्हाळा इंग्रजी शिकलो आणि काठावर पास झालो. तेवढंही तपासणाऱ्याच्या दयेने.

त्यांचंही आमच्याबद्दल एक वाक्य होतं, "तुमी इंडियन लोक." पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही की, "तुमी इंडियन लोक टाइम पाळत न्हाई." सोसायटीच्या बैठकीत सगळे एकदम बोलू लागले की, "तुमी इंडियन लोकांना कान हाय का न्हाई?" चेअरमन आबा गालात हसत म्हणायचे, "बाई, तुमी कोन मग?" त्यावर त्या दुसऱ्याच कुणाचं तरी दूध तपासायला घेत.

एकदा नारायणगडाच्या जत्रेत पुण्याकडच्या एका कुटुंबाने त्यांना गाठलं. "व्हिच कंट्री?" त्यांनी हौसेने विचारलं. बाई म्हणाल्या, "गेवराई तालुका." मंडळी फोटो न काढताच गेली.

एकदाच त्या माहेरी गेल्या. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि तीन आठवड्यांत परत आल्या. मी विचारलं तर चिडून म्हणाल्या, "तिकडं समदे इचारतात, तू हत्तीवर बसतेस का? घरात साप येतात का? अन् हिकडं तुमी इचारता, बर्फाच्या घरात राहत होता का? तिकडं मी इंडियावाला, हिकडं मी अंग्रेज. माझा गाव कुठं हाय बे?" मग म्हणाल्या, "आईनं जेवताना हातावर मारलं. म्हनली, काटा-चमचा घे. मी लहान झालो असं वाटलं. बरं वाटलं."

त्यांच्याविषयी मी हे हसत लिहितो आहे, पण माझ्या अंगावरचा शर्ट त्यांच्यामुळे इस्त्रीचा आहे हे मी विसरलेलो नाही. दिवाळी झाली की माझे आई-वडील, आजा-आजीसकट, कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. माझी शाळा दर वर्षी तिथेच तुटायची. एका वर्षी बैलगाडी निघताना इंगाबाई जुवापुढे येऊन उभ्या राहिल्या. "ह्याला नेऊ नका. भाकरी मी घालतो." त्यांची भाकरी एका बाजूने करपायची आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहायची. अशा सहा हिवाळ्यांच्या भाकरीवर मी शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला बीए झालो आणि त्याच दूध सोसायटीत सचिव म्हणून चिकटलो.

आणि याच बीएने घोटाळा केला.

पुन्हा पाऊस रुसला होता, असं ते वर्ष. निम्मी जनावरं चारा छावणीत होती आणि सोसायटीचे कॅन अर्धेच भरत होते. एका सकाळी पोस्टमनने बाईंना तार दिली. त्यांनी ती वाचली, काचेची नळी धुऊन खोक्यात ठेवली आणि म्हणाल्या, "माझी आई गेली. भाऊ म्हनतो, आता परत ये." रांगेतल्या कुणाचंही दूध न तपासता त्या घरी निघून गेल्या.

त्या दिवशी पारावर सगळ्यांचा एकच प्रश्न होता. आमच्याकडे ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारची घरं पिठलं-भाकरी घेऊन जातात, ओसरीवर बसतात, रडतात, गेलेल्याच्या गोष्टी काढतात. पण या बाईंकडे जावं का?

"दत्ता, तू शिकल्याला हायस," आबा म्हणाले. "सांग, त्यांच्यात काय करत्यात?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला ठाऊक नव्हतं. पण बीएच्या एका पुस्तकात मी कुठेतरी वाचलं होतं. मी घसा साफ केला. "त्यांच्यात एकांत लागतो. दुःखात कुणी गेलेलं त्यांना आवडत नाही."

लोकांनी माना हलवल्या. शिकलेला माणूस बोलला होता. बाईंच्या शेजारच्या मथुराकाकू पिठल्याला फोडणी देऊन आल्या होत्या. या काकू म्हणजे बाईंच्या रोजच्या गिऱ्हाईक, दुधात पाणी घालताना हमखास सापडणाऱ्या. दोघींची गेली दहा वर्षं रोज सकाळी भांडणं. त्या म्हणाल्या, "मग माजं पिठलं?" मी म्हणालो, "घरीच खा, काकू." इंगाबाईंच्या घरावरून जाताना लोक आवाजही कमी करू लागले, इतका आम्ही बाईंच्या एकांताचा मान ठेवला.

तिसऱ्या दिवशी नळीच्या खोक्याची किल्ली मागायला मी बाईंकडे गेलो. दार सताड उघडं होतं. ओसरी सारवलेली. तिच्यावर सोसायटीच्या बैठकीची मोठी सतरंजी अंथरलेली, वीस माणसं बसतील एवढी. कडेला पाण्याची कळशी आणि सहा पेले पालथे घातलेले. इंगाबाई एकट्याच भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत होत्या. आत दाराशी त्यांची जुनी लोखंडी पेटी माळ्यावरून काढून ठेवलेली दिसली.

"बाई, जेवलात का?"

"चूल पेटवली न्हाई," त्या म्हणाल्या. "पेटवत न्हाईत ना? मथुरेचा नवरा गेला तवा मी भाकरी घेऊन गेलतो. करपलेली होती, तरी तिनं खाल्ली. तुझा आजा गेला तवा आलतो. समद्यांकडं गेलतो मी." त्यांनी सतरंजीवरून हात फिरवला. "तीन दिवस झाले, दत्त्या. कुणी आलं न्हाई. म्हंजे मी हितला न्हाई. भावाला कळवतो, येतो म्हनून."

मला खाली बसता येईना आणि उभंही राहवेना. सहा हिवाळे ज्या ओसरीवर जेवलो, तिथे तीन दिवस मी माणूस येऊ दिलं नव्हतं. कोणी दुसऱ्याने नाही, मीच. मी वळलो आणि पायात चपला न घालता पळत सुटलो.

मथुराकाकू गोठ्यात होत्या. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी शेणाचा हात तसाच माझ्या पाठीत घातला. "मुडद्या, तुजं बीए जळो! मी पिठलं शिजवून ठिवलंतं. कावून ऐकलं मी तुजं?"

अर्ध्या तासात ती सतरंजी कमी पडली. बाया आल्या, आबा आले, माझी आजी काठी टेकत आली. मथुराकाकू दुरडी घेऊन आत शिरल्या, ठेवायला जागा दिसेना म्हणून त्यांनी ती दाराशी असलेल्या पेटीवर ठेवली. भाकरी कुस्करली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास स्वतःच्या हाताने इंगाबाईंच्या तोंडात घातला. तशी ती सहा फुटांची बाई त्यांच्या खांद्यावर कोसळली. रडणं कुठल्या देशाचं होतं ते मला सांगता येणार नाही.

मग गोष्टी निघाल्या. आजीने विचारलं, "बाई, तुझी आई कशी व्हती?" बाई सांगू लागल्या. आई सायकलवरून दूध घालायची. कधीकधी त्यात पाणीही घालायची आणि लहानग्या इंगाला ते ठाऊक असायचं. बाया रडता रडता हसल्या. "आगं बया," मथुराकाकू म्हणाल्या, "मंजी त्यांच्यात बी असंच असतं!"

काकूंनी घरून दूध आणून चहा केला. साखर न घालता केला, ते त्यांना बरोबर आठवलं. इंगाबाईंनी पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबल्या.

"मथुरे, ह्यात पाणी हाय."

"हाय," काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या. "आज काय बोलायचं न्हाई."

"आज न्हाई," बाई म्हणाल्या आणि पेला रिकामा केला. "उद्या सकाळी डिग्री लावतो."

उद्या, असं त्या म्हणाल्या. मी आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे.

ती पेटी पुन्हा माळ्यावर चढली नाही. कित्येक वर्षं ती तशीच दाराशी होती. धुतलेले कॅन तिच्यावर पालथे घालायला बरी पडायची.