सोमणसरांच्या दोन वसाहती

सोमणसर नव्या माणसाला नाव विचारत नसत. "एकटे आलात की बिऱ्हाड घेऊन?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मला तो त्यांनी लिफ्टमध्ये विचारला. मी गळ्यात टाय आणि हातात डबा घेऊन ऑफिसला निघालो होतो.

"आधी एकटा आलो. बायको, मेधा, वर्षभरानं आली," मी म्हणालो.

सरांनी मजला येईपर्यंत विचार केला. "म्हणजे स्पॅनिश सुरुवात आणि इंग्लिश शेवट. मिश्र प्रकरण आहे," असं म्हणून ते बाहेर पडले.

दोन हजार चारच्या सुमारास ते सिंगापुरात, सेंगकांगला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आले होते. मुलगा मंदार तुआसच्या एका कारखान्यात इंजिनियर, सून बँकेत, आणि नात इरा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. सरांनी सांगलीच्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला होता. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज आणि स्पॅनिश वसाहती हा त्यांचा जीव की प्राण. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती. सांगली सोडून जिथं पोचले ती पहिली वसाहत सेंगकांग, त्यामुळे सगळं शास्त्र आमच्यावर लागू झालं.

"स्पॅनिश माणूस बहुधा एकटा यायचा, सोनं शोधायला," ते सांगत. "आला की आधी चौक आखायचा. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला कचेरी, मग बाकीचे रस्ते. तिथलीच बायको करायचा, तिथलंच खायचा. जुलूम करायचाच, पण त्यांच्यात राहून करायचा. इंग्रज, निदान उत्तरेकडचा, बायकोमुलं आणि बियाणं घेऊन यायचा आणि आधी कुंपण घालायचा. आत इंग्लंड, बाहेर बाकी सगळे."

"आणि त्याचा जुलूम?"

"कुंपण सरकवत न्यायचा."

या न्यायानं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, जेवणारा तो स्पॅनिश आणि डबा नेणारा तो इंग्रज. आमच्या इमारतीखालची मोकळी जागा, जिथं म्हातारे चिनी आजोबा पट मांडून बसत, ती सरांच्या लेखी प्लाझा, म्हणजे स्पॅनिशांचा चौक होती. एकदा एका बँकवाल्यांच्या कॉन्डोत गणपतीला गेलो. गेटवर रखवालदारानं नावं लिहून घेतली. आत गेल्यावर सर यजमानांना मनापासून म्हणाले, "तुमचं कुंपण फार उत्तम आहे." यजमानांना वाटलं बागेचं कौतुक चाललंय. त्यांनी सरांना झाडं दाखवली.

पुढं आरतीनंतर सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते पहिल्या उपासमारीच्या हिवाळ्यापर्यंत आले तेव्हा मसालेभात निवत होता. "दक्षिणेकडं सोनं शोधायला आलेल्या इंग्रजांना पेरणी जमेना, सोबतचं धान्य संपलं, आणि शेवटी त्यांनी मेलेल्या माणसांनाच..." इथं मंदारनं त्यांना हाताला धरून पानावर बसवलं.

मेधानं एकदा त्यांना अडवलं. "सर, तुम्ही सांगलीहून गोडा मसाला आणता. इथला चहासुद्धा तुम्हाला गोड लागतो. मग तुम्ही कोण?"

"मी निरीक्षक," सर म्हणाले. मग आपणच, "तसा इंग्रजच. पण कुंपणाच्या आत मला एकच माणूस लागतं."

ते माणूस म्हणजे इरा. आईबाप कामावर गेले की सकाळपासून घरात हे दोघंच. सर तिला भात भरवत आणि तिच्याशी चोख सांगलीचं मराठी बोलत. ती पोर "असं कसं म्हणता आजोबा?" असं ठसक्यात विचारायची, तेव्हा लिफ्टमधले चिनी शेजारीसुद्धा हसायचे. मंदार म्हणायचा, "बाबा, थोडं इंग्लिश बोला तिच्याशी, शाळेत अडेल तिचं." सर म्हणायचे, "शाळा शिकवेल की."

मग सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेले. दोन महिन्यांत येतो म्हणाले. तिथं धाकटी बहीण अंथरुणाला खिळली. तिचं दुसरं कुणी नव्हतं. सर राहिले. इकडं इरा दिवसभर पाळणाघरात जाऊ लागली आणि घरीही तिच्याशी इंग्लिशच सुरू झालं. सर आठवड्याला फोन करायचे, पण फोनवर इरा बोलत नसे, नुसती श्वास घ्यायची. सर तेवढं ऐकून ठेवून द्यायचे. बहीण गेली, तिचे दिवसवार झाले, आणि ते परत आले तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

मंदार कामावर अडकला होता म्हणून इरा आणि तिच्या आईबरोबर चांगी विमानतळावर मी गेलो. सर ट्रॉली ढकलत बाहेर आले. नवा चष्मा होता, अंगानं बरेच उतरले होते. ट्रॉली सोडून ते खाली वाकले आणि दोन्ही हात पसरले. इरा आईच्या पाठीमागं गेली.

"मम्मी, हू इज दॅट अंकल?"

सर तसेच वाकलेले राहिले. मग बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि उठले. गाडीत मागं बसून तिला हळूच म्हणाले, "इरा, भूक लागली का ग?" तिनं आईकडं पाहिलं. "व्हॉट ही सेइंग?"

त्यानंतर बरेच दिवस सरांनी कुणाला इंग्रज म्हटलं नाही की स्पॅनिश म्हटलं नाही. लिफ्टमध्ये भेटले की मान हलवायचे. मेधानं मुद्दाम विषय काढला, "सर, आमच्याकडे नवे भाडेकरू आलेत, एकटेच आहेत." सर म्हणाले, "बरं."

एका सकाळी त्यांनी मला थांबवलं. "इथले लोक बोलताना इंग्रजीला 'लाह' जोडतात, ते नक्की कुठं लावतात? क्रियापदाला की वाक्याला?"

"सर, ते आपोआप येतं."

"आपोआप मला काही येणार नाही. नियम सांगा."

नियम मला माहीत नव्हता. ते प्लाझात गेले, आणि रोज जाऊ लागले. चिनी आजोबांच्या पटाजवळ बसून ऐकायचे. त्यांचं स्वतःचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं होतं. "इरा, काइंडली डिसेंड फ्रॉम द स्लाइड," असं ते म्हणाले की पोरं घसरगुंडीवर हसून लोळायची. तरी इरा त्यांच्याबरोबर खाली यायला लागली. पुढं पुढं तर शेजारच्या पोरांना "माय आजोबा टॉक सो फनी लाह" असं अभिमानानं सांगायलाही लागली.

एकदा संध्याकाळी मी कामावरून येत होतो. दोघं घसरगुंडीजवळच्या बाकावर बसले होते. सर तिला गोष्ट सांगत होते. मीही टेकलो.

गोष्ट अमेरिकेजवळच्या एका बेटाची होती. इंग्रज तिथं राहायला आले. त्यांच्यात एक आजोबा होते. तिथं त्यांना नात झाली, त्या देशात जन्मलेलं पहिलं इंग्रज बाळ. धान्य संपत आलं म्हणून ते आणायला आजोबा जहाजानं इंग्लंडला परत गेले. लवकर येणार होते, पण तिकडं युद्ध लागलं आणि ते अडकले. तीन वर्षांनी आले.

"देन?" इरानं विचारलं.

"देन ही सर्च अँड सर्च. अँड बिहाइंड वन ट्री, शी वॉज स्टँडिंग लाह."

इरा समाधानानं उठली आणि घसरगुंडीकडं पळाली.

"खरंच सापडली?" मी विचारलं.

"नाही," सर मराठीत म्हणाले. "घरं मोडलेली, माणूस कुणी नाही. एका खांबावर एक शब्द कोरलेला होता तेवढा. आजोबा पुढं शोधायला जाणार होते, तर वादळ आलं. परत गेले. पुन्हा भेट नाही." मग म्हणाले, "चाळीस वर्षं वर्गात शिकवलं हे. पोरांना पाच मार्काला यायचं."

इरा घसरगुंडीच्या शिडीवरूनच परत आली. तिला एक शंका होती.

"आजोबा, शी वॉज बेबी ओन्ली. हाऊ शी कॅन नो दॅट इज हर आजोबा?"

सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. इराच मग म्हणाली, "नेव्हर माइंड. ही टेल हर, लाह." आणि बाकावर चढून त्यांना टेकून बसली.

सर हलले नाहीत. समोर बघतच मला म्हणाले, "तुम्ही व्हा वर. आम्ही येतो मागून."