कॅमेऱ्याची गोळी

"तुमचं ठरलं की मला उठवा!" ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर तपासणीच्या टेबलावरून खेकसले. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. वरून दुर्बीण घालून झाली, खालून घालून झाली, तरी रक्त कुठून जातंय याचा पत्ता नव्हता. उरलं होतं मधलं लहान आतडं, आणि त्यावरून दोन डॉक्टरांची जुंपली होती.

"कॅमेऱ्याची गोळी गिळवू. आतून सगळं दिसेल," पोटाचे डॉक्टर म्हणाले.

"आणि अडकली तर? आधी सीटी स्कॅन करा," स्कॅनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"स्कॅनमध्ये बारीक जखम निसटते!"

"आणि गोळीला पुढची वाट अरुंद आहे हे कळतं?"

"आणा ती इकडे!" मास्तरांनी ट्रेमधली गोळी उचलली आणि घटाघटा पाणी पिऊन गिळून टाकली. "मिटलं?"

कुठलं मिटायला! कमरेला चित्रं साठवणारा पट्टा बांधून मास्तर दिवसभर घरात धुसफुसत बसले. दुसऱ्या दिवशी चित्रं पाहिली, तर तिसऱ्या तासापासून शेवटपर्यंत एकच गुलाबी भिंत.

मग गोळी बाहेर पडायची वाट पाहणं आलं. बायकोने दिलेली चाळणी घेऊन मास्तर रोज संडासात जात आणि बाहेर आल्यावर दार आपटत. पंधरा दिवस दार आपटून झालं. एक्स-रे काढला, तर गोळी आतच ठाण मांडून बसलेली.

शेवटी स्कॅन झाला. आतडं एका जागी आवळलं होतं, गोळी तिथेच अडकली होती आणि जखमही तिथेच होती.

"मी सांगत होते!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जागा माझ्या गोळीनेच धरून ठेवली!" पोटाचे डॉक्टर म्हणाले.

"चूक कोणाची ते सांगा!" मास्तर कडाडले. "आता ऑपरेशन आलं. मी लेखी तक्रार करणार!"

"आतडं असं आवळतं ते बहुतेक वेदनाशामक गोळ्यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं खाल्ल्या तर."

"हे कुठे खातात?" बायको म्हणाली. "फॉर्मवर मीच लिहिलंय, एकही नाही."

मास्तर छताकडे बघू लागले.

"अहो?"

"कंबर धरते गं, दिवसभर गाडीत बसून." आवाज एकदम खाली आला. "डॅशबोर्डच्या कप्प्यात असतात. दिवसाला दोन. म्हणजे... तीन."

"किती वर्षं?"

"सहा."

दोन्ही डॉक्टर पहिल्यांदाच एकाच वेळी, एकाच माणसाकडे, एकाच नजरेने वळले. पोटाच्या डॉक्टरांनी तोंड उघडलं, तोच बायकोने हात आडवा केला.

"तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा," ती म्हणाली. "आधी मी बोलते."