वाटणीतली फटफटी

आमच्या नाशिकच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे दरेकर काका शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर ठेवतात. मिलिमीटरचेही बारीक भाग मोजणारी ती स्टीलची पट्टी ते कुठेही बाहेर काढतात. एकदा आईने त्यांना थालीपीठ दिलं, तर खाण्याआधी त्यांनी त्याची कड मोजली. "वहिनी, डाव्या बाजूला दीड मिलिमीटर जास्त झालंय," असं म्हणाले आणि मग चवीने तीन खाल्ली. त्यानंतर आई त्यांना फक्त चहा देते. चहा मोजता येत नाही, असं तिचं मत आहे.

काकांनी सगळी नोकरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात काढली, तीही तपासणी खात्यात. दुसऱ्याने बनवलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बहुतेक वेळा परत पाठवायचा. निवृत्तीनंतर परत पाठवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी वडिलांची फटफटी काढली. फटफटी म्हणजे चेसिसचा सांगाडा, दोन चाकं आणि टाकी. आमच्या पार्किंगमध्ये एवढंच उभं होतं. बाकीचं ते भंगार बाजारातून गोणीत भरून आणत.

माझी त्यांच्याशी ओळख या गोणीमुळे झाली. फटफटीचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, आणि इमारतीत इंग्रजी वाचणारी रिकामी व्यक्ती मीच. "ए इंग्लिश मीडियम! खाली ये," अशी हाक आली की मी जायचे. लोकांशी काय बोलावं ते मला पटकन सुचत नाही. काकांकडे ती अडचण नव्हती, कारण ते उत्तराची वाटच बघत नसत.

गोणी चादरीवर उपडी करायची. त्यात चार-पाच वेगवेगळ्या गाड्यांचं सामान कालवलेलं असे. काही नटबोल्ट जुन्या इंचाच्या मापाचे, काही मिलिमीटरचे, आणि दिसायला सगळे जुळे. चुकीचा नट पहिले दोन आटे गुमान आत जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे मेकॅनिक लोक पाना लावून जोर करतात. जोर करणाऱ्यांना काका माणसात धरत नसत. "बसतं म्हणजे तिचंच असतं असं नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. मोजून झालेला भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जाई. काही डब्यांवर 'तिचं' अशी चिठ्ठी, काहींवर 'तिचं नाही'. दुसऱ्या जातीचे डबे जिन्यापर्यंत पोचले, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. काकांनी त्यांना चादरीवर बसवून आटे मोजायला लावले. ते पुन्हा आले नाहीत.

काकू हे सगळं गॅलरीतून बघत. "मला बघायला आले तेव्हा ती पट्टी नव्हती ह्यांच्याकडे," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी माहेरीच राहिले असते."

असं करत करत गाडी उभी राहिली. उरलं फक्त इंजिन. तेही मालेगावच्या एका मेकॅनिकने शोधून आणलं, अगदी त्याच मॉडेलचं. सगळे बोल्ट नुसत्या हाताने आत गेले. काकांनी व्हर्नियर लावला, पुस्तकातले आकडे माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले. सगळं जुळत होतं. माझ्या बाबांनी पेढे आणले.

"परत न्या," काका म्हणाले.

"अहो, बसलंय की!" मेकॅनिक म्हणाला. "आता काय हिची पत्रिका बघता?"

"नंबर वेगळा आहे. हिच्या चेसिसवर आणि इंजिनवर कारखान्यातून एकच नंबर कोरलेला असतो."

इंजिन टेम्पोत चढवताना मेकॅनिक बरंच काही बोलला, ते मी इथे लिहीत नाही. काका पेढा न खाताच घरात गेले.

मग काकूंनी मला सांगितलं. दरेकर मूळचे विंचूरचे. सासरे गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन अर्धी अर्धी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. फटफटीवर मात्र घोडं अडलं. लहानपणी दोघंही वडिलांच्या पुढ्यात टाकीवर बसून लासलगावला जायचे. दोघांनाही तीच हवी. विकून पैसे वाटून घ्या म्हटलं, तर दोघांचाही नकार. शेवटी पंचांनी कंटाळून निवाडा दिला: थोरल्याला चेसिस, धाकट्याला इंजिन.

"भांडण मिटलं आणि फटफटीही मिटली," काकू म्हणाल्या. "इंजिन विंचूरला बापू भाऊजींकडेच आहे, ह्यांना ठाऊक आहे. पण मागणार कोण? तेव्हापासून बोलणंच नाही."

पुढच्या रविवारी हाक आली. खाली गेले तर चादर नव्हती, गोणीही नव्हती. काकांनी फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. "बापूला फोन लाव. गिऱ्हाईक आहे म्हण, इंजिन विकत पाहिजे म्हण. माझं नाव काढू नकोस. मी बोललो तर ठेवून देईल तो."

अनोळखी माणसाला फोन करणं मी नेहमी टाळते. मी वाक्य मनात घोकलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"इंजिन? नाय इकायचं," बापू म्हणाले. "पण ताई, तुम्ही त्या लाईनीतल्या हायेत का? मला चेसी पायजेल. लोकांनी लय दाखवल्या, एक बी पटली नाय. नंबरच जुळंना."

काकांनी गाडीचं हँडल धरलं. मी घोकलेलं वाक्य संपलं होतं.

"चेसिस आहे," मी म्हणाले. "नंबर जुळतो."

 मग बापू म्हणाले, "दादा हाय का तिथं?"

मी फोन काकांच्या हातात दिला.  ते माझ्यासमोर कधीही न काढलेल्या बोलीत म्हणाले, "जेवला का रे?"

"नाय अजून."

"चार वाजले की! शुगर हाय ना तुला?"

"तुला कुणी सांगितलं?"

 "ते सोड. इंजिन घेऊन ये," काका म्हणाले.

"मी का म्हणून? चाकं तुझ्याकडं हायेत. तू ये."

"नाशकातून ढकलत आणू व्हय?"

"टेम्पो कर. थोरला हाय ना तू?"

"मग थोरल्याचं ऐक की!"

दोघांचाही आवाज चढला. काकू खाली येऊन पायरीवर बसल्या. आता फोन ठेवतील, असं मला वाटलं. ठेवला कोणीच नाही. पंच कसे मूर्ख होते, इथे दोघांचं एकमत झालं, आणि मग टेम्पोवरून परत सुरू झालं. बॅटरीचा आकडा लाल झालेला मला दिसला. मी चार्जर आणायला वर धावले.