हौसराव आप्पांचे डेन्मार्की तख्तारोहण

साहेबी आज्ञा केली की, घोडनदीकाठी एका खुर्चीपायी जी धामधूम जाहली तिचे साद्यंत वर्तमान, भीडमुर्वत न धरिता, लिहून काढावे. ऐसियास ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली ते हयात आहेत आणि ज्यांचे नाक कापले गेले तेही हयात आहेत, सबब गावाचे नाव वगळून बाकी सर्व यथास्थित लिहिले असे.

शके १९१९, ईश्वरनाम संवत्सरी, शिरूर तालुकियातील त्या गावी सरपंचपद बाईमाणसास राखीव जाहले आणि बौद्धवस्तीतील करुणाबाई निवडून आल्या. परंतु पंचायतीचे कचेरीत सरपंचाची म्हणोन जी हातांची लाकडी खुर्ची होती, तिजवर उपसरपंच हौसराव आप्पा, पाणीपुरवठाधुरंधर, फीतकापणीबहाद्दर, हे आधीपासोन ठाण मांडून होते. बाईंस दाराजवळची सतरंजी दाखविली जाई, आणि कागद खाली येई, मग बाई सही करीत, आणि मग कागद वर जाई. हे राज्य कोणाचे, असे कोणी पुसत नसे. ज्यांनी पुसावे ते मेंबर चहा पीत असत.

मग एके सभेत करुणाबाई सतरंजीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, ती खुर्ची सरपंचाची हाय आन् सरपंच मी हाय. मी उभी ऱ्हाईन, पण आता खाली बसायची न्हाई." ग्रामसेवक आण्णांनी पेनास टोपण लाविले, काढिले आणि पुन्हा लाविले. पुढील सभांत बाई खरोखरीच उभ्या राहिल्या आणि गावात कुजबुज मातली.

आप्पा बहुत विचारी पडले. खुर्ची सोडावी तर इभ्रत जाते, न सोडावी तर वरून चौकशी येते. मग खलबत होऊन मनसुबा ठरला की, सरपंचाचे खुर्चीहून थोर खुर्ची पैदा करावी, तिजवर आपण बसावे, म्हणजे सरपंचाची खुर्ची आपोआप धाकटी होते. ऐसी तजवीज करोन आप्पा शिरूरचे भंगारबाजारी दाखल जाहले. तेथे डेन्मार्क देशीचा कोणी इंजिनेर, रांजणगावाकडील नोकरी आटोपून स्वदेशी जाता, आपली वाडवडिलांकडील सागवानी आरामखुर्ची टाकून गेला होता. पाय आखूड, पाठ मागे कललेली, हात असे गुळगुळीत की कोठे सांधा दिसेना. आप्पांनी ती टेम्पोवर चढविली आणि हलगी लावोन गावात आणिली. उघडे लाकूड हे दारिद्र्याचे लक्षण, म्हणोन तीस आकाशी ऑइलपेंट दिला आणि पाठीवर लाल अक्षरी लिहविले की, कै. तात्याबा यांचे स्मरणार्थ ग्रामपंचायतीस सप्रेम भेट. त्यात तात्याबा हे वडिलांचे नाव बारीक आणि खालचे "उपसरपंच हौसराव" हे ठळक, कारण तात्याबांस आता वाचावयाचे नव्हते.

मग भर सभेत नारळ फुटला आणि आप्पा तख्तनशीन जाहले, आणि जाहले ते खाली जातच राहिले. खुर्चीने त्यांस मागे घेतले, गुडघे छातीशी आले, धोतर सावरावे की टोपी हे सुचेना, आणि टेबलापलीकडील मेंबरांस केवळ टोपीचे टोक दिसो लागले. ऐन समयी करुणाबाई पुढे जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसल्या. कागद, पेन, शिक्का सर्व तेथेच होते. आप्पांनी हरकतीस्तव उठण्याची मोहीम आरंभिली आणि एक हात धरिला, मग दुसरा धरिला, आणि बूड उचलते न उचलते तो बौद्धवस्तीस नळ देण्याचा ठराव मंजूर जाहला.

पुढे जुन्या ठाण्यावर चाल करावी, तर बापाचे नावाची खुर्ची सोडून आप्पा कोठे निघाले, म्हणोन लोक पुसत. मग ती विकण्याची मसलत जाहली आणि पुण्याहून जुन्या सामानाचा एक शौकीन आला. त्याने खुर्ची उलटी करोन बुडाशी घडविणाऱ्या नामी कारखान्याचा छाप पाहिला आणि गहिवरला. मग सुलटी करोन रंग पाहिला आणि पुन्हा गहिवरला, ते वेगळ्या कारणे. बोलला की, रंग खरवडून घेईन, परंतु नवी मोटारसायकल येईल इतकी किंमत देईन.

आप्पा हर्षभरित होऊन म्हणाले, "सरपंचबाई, इकून टाकू. पंचायतीला पैका व्हईल. मी बसंन आपल्या जुन्या खुर्चीवर, माझं काय." करुणाबाईंस आप्पांनी सरपंचबाई म्हटले ते प्रथम या दिवशी.

बाईंनी शौकिनास पुसले की, ही खुर्ची मुळात कशासाठी घडविली. तो बोलला, ही कामाची नव्हे, माणसाने नुसते निवांत पडून राहावे यासाठी. मग फर्मान सुटले, "मंग योग्य माणसापाशी हाय. आप्पांनी वडलांच्या नावानं गावाला दिली, ती इकायची न्हाई. आप्पा, तुमी बसा निवांत."

मोटारसायकलीचा पैका गेला, ऐसे काही मेंबर कुरकुरले. गेला खरा. परंतु खुर्ची गेली असती तर आप्पा परत आले असते, आणि ते नुकसान कोणा शौकिनाचे खिशास भरून देता आले नसते.

येणेप्रमाणे सरपंचाचे ठाणे मुदत संपेतो करुणाबाईंचे दस्ती राहिले. ही फत्ते दप्तरी दाखल करतेसमयी आण्णांनी भर सभेत पुसले की, उपसरपंचांची काही हरकत आहे काय. डेन्मार्की तख्तावरून घोरणे ऐकू आले, ते संमती म्हणोन लिहून घेतले.